कुंपणापलीकडची माती

आमच्या शेजारचा ॲन्सेल्म म्हणजे वसईकडच्या अख्ख्या गिरीज गावातला हट्टी माणूस. भातासाठी सगळे डोंगरावरच्या फांद्या तोडून आणून रोपांच्या वाफ्यावर राब जाळायचे. हा एकटाच जायचा नाही. डोंगर उघडा पडला की पहिली आपली विहीर आटेल, म्हणायचा. दवाखान्यातल्या केरळी सिस्टरने दिलेल्या कांड्या त्याने नारळांच्या मधल्या उन्हात लावल्या आणि साबुकंद, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, केला. कंद खणला की त्या जागी वाल, आणि पाला-देठ पुन्हा मातीतच. कंद खादाड, त्याच्यामागून मातीला जेवायला घालावं लागतं, असं तो सांगायचा. आम्ही हसायचो. पण त्याच्या वाडीत पाय रुतायचा आणि आमच्याकडे कुदळ खणखणायची.

त्र्याऐंशी साली त्याच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. खाट रस्त्याकडच्या खोलीत, तिथून वाडी दिसत नसे. रोज सकाळी सून रिटा मूठभर माती आणून त्याच्या चांगल्या हातात द्यायची. तो ती दाबायचा, हुंगायचा आणि सांगायचा, आज पाणी नको, किंवा आता वाल टाक. त्या मुठीवरच तो जगत होता.

मुलगा व्हिन्सेंट वाईट नव्हता, पण ऑफिसातला माणूस. त्याला माती म्हणजे माती. स्टेशनकडे इमारती उठत होत्या, त्यांना भराव हवा होता. त्याने वाडीतली वरची काळी माती लॉरीवाल्याला विकून टाकली आणि लॉऱ्यांचा आवाज ऐकणाऱ्या बापाला सांगितलं, रस्त्याचं काम चाललंय. आठवड्यात खालचा पिवळा मुरूम उघडा पडला. मला त्या व्हिन्सेंटचा असा राग आला की काय सांगू.

रिटा माझ्या दारात येऊन रडली. सकाळी म्हाताऱ्याच्या हातात काय ठेवू, म्हणाली. मी तिला कुंपणावरून माझ्या केळीच्या बुंध्याची माती दिली. माझ्याकडची सगळ्यात चांगली.

मीही तिच्याबरोबर गेले. त्याने मूठ दाबली, नाकाशी नेली, पुन्हा दाबली.

"ही माती आपली नाय, बाय," तो म्हणाला. "आपली संपली का?"

त्याने तळव्याला चिकटलेला कणन् कण रिटाच्या ओंजळीत झटकला.

"जिथली तिथे टाकून ये. तिथल्या झाडाला लागेल."

रिटाकडून घेऊन मी ती केळीपाशी नेऊन टाकली, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या सकाळी रिटा खाटेशी गेली, तर तो जागा होता, पण त्याने हात चादरीबाहेर काढलाच नाही.