मानपत्राच्या तुटक्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. लोखंडाला राग येत नाही असे तुम्हाला कोणी शिकवले असेल, तर ते विसरून जा. माणसे रागावतात आणि जेवणाच्या वेळी विसरतात. आम्ही जेवत नाही, म्हणून विसरतही नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या भावंडांच्या कळांवर इंग्रजी अक्षरे बसली, माझ्या कळांवर मराठी. पेटीत गवत भरून मला आगगाडीने सांगलीला आणले आणि तिथून एसटीच्या टपावरून आटपाडीच्या बाजूला, माणगंगेच्या काठच्या एका वाडीत. तिथल्या सोसायटीच्या कचेरीत मला टेबलावर बसवले, तेव्हा निम्मी वाडी बघायला आली होती. मी पहिली ओळ उमटवली आणि ओळ संपत आल्यावर माझी घंटी वाजली, तशी म्हातारी माणसेसुद्धा हसली. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे, झेंडूचा हार पडे. त्या दिवसांत मी फार आनंदात होतो.

मला चालवणारा होता धुळा. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला हा पहिलाच मुलगा, जो सांगलीला राहून टायपिंग शिकून आला. त्याची बोटे हलकी होती. रोज सकाळी तो जुन्या धोतराच्या फडक्याने माझी धूळ पुसायचा आणि शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सांध्यांत सोडायचा. घरी त्याची आई होती, धोंडुबाई, आणि कपिली नावाची एक खिलार गाय. मेंढरे दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी गेली होती. गाय तेवढी उरली होती.

सोसायटीचे चेअरमन होते हंबीरराव. सारी वाडी त्यांना आण्णा म्हणायची. मीही त्या काळी त्यांना मान द्यायचो, कारण मला अक्कल कमी होती.

दुष्काळ हटेना, तेव्हा वाडीच्या माळावर गुरांची छावणी पडली. कडब्याचे ट्रेलर यायचे ते छावणीच्या नावाने, आणि त्यांतले निम्मे छावणीला वळसा घालून हंबीररावांच्या मळ्यात जायचे. भर उन्हात जायचे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पण बोलणार कोण? ज्याच्या हातात छावणी, त्याच्याच हातात प्रत्येकाच्या जनावराचा जीव. वाडीने हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवले. कपिली छावणीत पंधरा-वीस दिवस दाव्याला मान टाकून बसली आणि एके दिवशी उठलीच नाही.

त्याच आठवड्यात हंबीररावांनी धुळाला तालुक्याला पाठवायचा मजकूर सांगितला : छावणीत सर्व जनावरांना पोटभर चारा मिळत आहे. धुळाची बोटे कळांवर थांबली. तो हळूच म्हणाला, की आण्णा, आमची गाय तर उपाशी मेली.  हंबीररावांनी हाताचा एक फटकारा मारला आणि मी टेबलावरून थेट फरशीवर आलो.

"घिऊन जा त्ये भंगार," ते म्हणाले. "आन् उद्यापासनं हिकडं फिरकू नगंस."

मित्रांनो, त्या पडण्याने माझे एक हाड कायमचे वाकडे झाले. कागद धरून सरकणारा माझा जो भाग असतो, त्याला कॅरेज म्हणतात. ओळ कुठे संपवायची हे ठरवणारी एक खुंटी त्याच्या मागे असते. ती खुंटी कडेवरून सरकून मधोमध आली आणि तिथेच वाकून घट्ट रुतली. तेव्हापासून माझी प्रत्येक ओळ अर्ध्या कागदावर येऊन अडायची. मात्र माझ्या अंगावर एक छोटी कळ होती. ती दाबली की अडलेली कॅरेज खुंटी ओलांडून पुढे जायची. धुळाने ती कळ बरोबर हेरली. आटपाडीला तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली तो मला घेऊन बसू लागला, लोकांचे अर्ज टाइप करू लागला, आणि दर ओळीला ती कळ दाबून मजकूर कागदाच्या कडेपर्यंत नेऊ लागला. कुणाला काही कळले नाही. उन्हाने माझा रंग उडाला, फुफाट्याने अक्षरे बुजली, पोरे येता-जाता माझी घंटी वाजवून पळायची. हार घालणारे कुणी उरले नव्हते.

हे सगळे मी सोसले असते. पण हंबीररावांचे तेवढ्यावर भागले नाही. गाय कशाने मेली असे कुणी पुढेमागे विचारू नये, म्हणून त्यांनी वाडीत उठवून दिले, की धोंडुबाईने गाईच्या वाटणीचा कडबा विकून खाल्ला. धनगराच्या बाईला याहून घाण शिवी नाही, मित्रांनो. जनावर आधी आणि पोर मागून, अशी त्या लोकांची रीत. पाणवठ्यावर बायका तिला बघून घागर बाजूला सरकवू लागल्या. बिरोबाच्या जत्रेत तिच्या हातचा निवद कुणी पुढे घेतला नाही. धोंडुबाई भांडली नाही. फक्त संध्याकाळी भाकरी थापताना ती मधेच थांबायची आणि लेकाला विचारायची, "धुळा, आपली कपिली उपाशी मेली ह्ये कुनी तरी चारचौघांत बोलंल का रं?" धुळा चुलीत काटकी सारायचा. कोपऱ्यातून मी ऐकायचो आणि माझे वाकडे हाड ठणकायचे.

दोन वर्षे गेली. हंबीररावांना साठ वर्षे पूर्ण झाली आणि त्यांच्या सत्काराचे ठरले. सत्कार म्हटला की मानपत्र आले. ते लिहायचे काम शाळेतल्या आकाराम गुरुजींकडे गेले. गुरुजी मनाने वाईट नव्हते, पण त्यांना अलंकारिक लिहिण्याची भारी हौस. वाडीत काय कुजबुज चालते ते त्यांच्या कानावर होते. त्यांनी विचार केला, की नुसती स्तुती कुणीही करील. आपण एकेका आरोपाचे नाव घेऊन त्याला मानपत्रातच गाडून टाकू. गुरुजींनी मोठ्या थाटात आरोप लिहिले आणि प्रत्येकाच्या शेपटाला नकार बांधला. स्वतः हंबीररावांनी ते ऐकले आणि खूश झाले. ऐकताना वाक्य सलग होते ना!

छापखाना विट्याला होता. पण हंबीररावांच्या मनात वेगळाच डाव शिजत होता. ते म्हणाले, मानपत्र धुळाच टाइप करील. ज्याला हाकलले त्याच्याच हाताने आपली आरती ओवाळून घेण्यात काही और मजा असते. सोसायटीचा शिपाई जाड पिवळसर कागद आणि गुरुजींचा मजकूर लिंबाखाली ठेवून गेला.

धुळाने मजकूर वाचला. पुन्हा वाचला. मग त्याने माझी धूळ पुसली, काडीने एकेक अक्षर कोरून साफ केले आणि कागद चढवला. त्याने गुरुजींचा एक काना बदलला नाही, एक मात्रा बदलली नाही. त्याने फक्त ती छोटी कळ दाबली नाही. कॅरेज अडेल तिथे त्याने ओळ तोडली, आणि क्वचित कुठे दोन अक्षरे आधी. आयुष्यात इतक्या ताकदीने मी कधी अक्षरे उमटवली नव्हती. काही ठिकाणी तर कागदाला भोक पडायचे बाकी राहिले.

मानपत्र वाचणार होते सुभेदार लालासाहेब, हंबीररावांचे साताऱ्याकडचे व्याही. भारदस्त आवाज, पिळदार मिशा आणि पलटणीत हुकूम वाचून दाखवायची जुनी सवय. म्हणजे एक ओळ वाचायची, कागद खाली घ्यायचा, समोरच्यांच्या डोळ्यांत बघायचे, मग पुढची ओळ. साऱ्या पंचक्रोशीला ते ठाऊक होते. धुळालाही होते. शिवाय सुभेदार थांबले की हलगी वाजवायची, असे हंबीररावांच्याच माणसांनी हलगीवाल्याला बजावून ठेवले होते.

सत्काराला मीही होतो. लिंबाखालून धुळाने मला तसाच पिशवीत घालून आणले होते आणि तो आईशेजारी मांडवाच्या अगदी मागे उभा होता. सुभेदार उठले. त्यांनी घसा साफ केला.

"आपण गोरगरिबांसाठी काहीच केले नाही."

कागद खाली. हलगी कडाडली. मांडवात कुणीतरी फिस्सकन हसले. पुढच्या ओळीत 'असे म्हणणारा शोधून सापडणार नाही' असे होते खरे, पण हलगीत ते कुणाला ऐकू जाणार?

"छावणीचा कडबा आपल्या मळ्यात गेला."

पुन्हा हलगी. आता मांडव सावध झाला. बायका पदर सावरून पुढे सरकल्या. 'ही विरोधकांची शुद्ध थाप होय' ही ओळ खाकरण्यात आणि हसण्यात बुडाली. हंबीरराव खुर्चीत चुळबुळू लागले. पण व्याह्याला भर सभेत गप्प कसे करणार? आणि सुभेदार तर हातातला हुकूम पूर्ण केल्याशिवाय थांबणारे नव्हते.

"धोंडुबाईची गाय दाव्याला उपाशी मेली."

सुभेदारांनी कागद खाली घेतला आणि समोर पाहिले. या वेळी हलगी वाजली नाही. हलगीवाल्याची स्वतःची दोन वासरे त्याच छावणीत चाऱ्यावाचून मेली होती. मांडव गप्प झाला आणि त्या शांततेत धोंडुबाई बोलली.

"व्हय, मेली."

शेजारची हरणाबाई म्हणाली, "मेलीच की. म्या बगितली." मग पुरुषांच्या बाजूने आवाज आला, मग चारी बाजूंनी. दोन वर्षे पोटात दाबलेले शब्द एकदम बाहेर पडले. 'या अफवेला कोणी भीक घातली नाही' हे सुभेदारांनी वाचले की नाही, देव जाणे. मला तर ऐकू आले नाही. पिशवीत मी इतका खूश होतो, की माझी घंटी आपोआप वाजेल अशी धास्ती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव स्वतः लिंबाखाली आले. डोळे लाल होते. त्यांनी विचारले, की ओळी अर्ध्यात का तोडल्यास.

"म्या न्हाई तोडल्या, आण्णा," धुळा म्हणाला. "तुमी पाडल्यापासनं मशीन तितंच अडतं."

 हंबीरराव म्हणाले, की मग आता सगळ्या ओळी जोडून सलग करून दे. धुळाने एका शब्दानेही नाही म्हटले नाही. त्याने कागद चढवला, दर ओळीला ती छोटी कळ दाबली आणि सगळा मजकूर कडेपासून कडेपर्यंत सलग टाइप करून दिला. एकही ओळ नको तिथे तुटली नाही. मित्रांनो, इतके सुबक काम मी पूर्वी केले नव्हते, नंतरही नाही.

त्या साली जत्रेत धोंडुबाईचा निवद सगळ्यांच्या आधी पुढे गेला. आणि हंबीरराव तो सलग कागद खिशात घालून गावोगाव फिरू लागले. आटपाडीच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत ते माणसाला थांबवत आणि मूळ वाक्य काय होते ते वाचून दाखवत. त्यासाठी त्यांना दर वेळी आपल्याच तोंडाने मोठ्याने म्हणावे लागे, की धोंडुबाईची गाय दाव्याला उपाशी मेली. तेवढे ऐकले की लोक मान डोलावत, "व्हय, आण्णा" म्हणत आणि चालू लागत.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना पुसत जा, तेल घालत जा, त्यांना पाडू नका. आणि कुणी बोलत असेल तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबत जा, असेही मी तुम्हाला सांगायला हवे. पण हंबीरराव अजून हिंडतात. ते वाटेत भेटले तर अर्ध्यातच निघून जा.