अहिंसाबाबांची वाळू

शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टेबलावर काचेच्या दोन बरण्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलेलं. दहा दिवसांपूर्वी दोन्हींत एकाच गटारातल्या अळ्या सोडल्या होत्या. डावीकडच्या बरणीत डासांनी नुसता उच्छाद मांडला होता. उजवीकडच्या बरणीत अहिंसाबाबांनी मंतरलेली वाळू चिमूटभर टाकली होती आणि वर फुलांच्या पाकळ्या पसरल्या होत्या. त्या पाकळ्यांखाली काही अळ्या अजून मजेत वळवळत होत्या, पण डास मात्र औषधालासुद्धा नव्हता.

"मारलं नाही हो, समजावलं!" बाबांनी डोळे मिटून सांगितलं. "एकेका अळीच्या कानात म्हटलं, बाळा, उडू नकोस, कुणाला चावू नकोस."

"अळीला कान असतात?" मागून मासेवालीनं विचारलं.

"श्रद्धेला असतात, ताई." पटांगण हसलं. "विष असतं तर अळ्या पटापट मेल्या असत्या. पोहतायत ना? मग?"

मासेवालीनं वाकून बरणीत पाहिलं. अळ्या खरंच पोहत होत्या. तिची सासू मात्र वाळूच्या पुड्या घेणाऱ्यांच्या रांगेत पहिली उभी होती.

मासेवाली म्हणजे बाजारात मासे विकणारी नव्हे. घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत ती शोभेचे मासे वाढवून दुकानांना पुरवायची. पिल्लांचं खाणंही तीच तयार करायची. पाण्यातल्या पिसवा, मोहरीहून बारीक, टुणटुण उड्या मारत पोहणाऱ्या. त्यांची एक वेगळी टाकी होती आणि त्या टाकीला ती पोटच्या पोरासारखं जपायची.

बाबांच्या कार्यक्रमाला पंधरा दिवस झाले नाहीत, तोच टाकीतल्या लहानग्या पिसवा दिसेनाशा झाल्या. मग थोरल्याही विरळ झाल्या. पूर्वी जाळी फिरवली की जड व्हायची, आता जवळजवळ रिकामी वर यायची. माशांच्या पिल्लांची पोटं खपाटीला गेली. तिनं पाणी बदललं, पाइप घासले, आठवडाभर जिवाचं रान केलं. काही उपयोग नाही. शेवटी तळ ढवळला तेव्हा जाळीत डासांचे मेलेले कोष आले. काहींतून डास अर्धा बाहेर आलेला, अर्धा आतच. सदरा काढताना डोकं अडकावं तसा.

"आई, या टाकीत काही पडलं का?"

सासूबाई घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालायला लागल्या.

"आई?"

"दोन-तीन चिमटी गं. बाबांची वाळू. संध्याकाळी तू इथे बसतेस, डास फोडून खातात तुला. म्हटलं, तेवढंच सुनेला बरं."

मासेवालीला ओरडायचं होतं. पण हे ऐकल्यावर ओरडायचं तरी कुणावर? तिनं मेलेले कोष वाटीत काढले आणि नणंदेला बोलावून घेतलं.

तिची नणंद शाळेत विज्ञान शिकवायची. ती भिंग घेऊन आली, कोष निरखून पाहिले आणि म्हणाली, "वहिनी, यांना कुणी समजावलेलं नाही. यांना मोठंच होऊ दिलेलं नाही. आणि येत्या पंधरवड्यात हा बाबा डास घालवायला तीच वाळू गावच्या तळ्यात ओतणार आहे. दहा पोती!"

"तळ्यात झिंगे आहेत, चतुर किड्यांची पिल्लं आहेत, केवढे मासे आहेत. आत्ताच जाऊन सांगू सगळ्यांना."

"सांगून कोण ऐकतंय? दाखवू."

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत नणंदेनं हात जोडले. "बाबा, ताकद मंत्रात की वाळूत?"

"मंत्रातच! वाळूचं काय, माती ती."

"मग ही आमच्या बांधकामावरची वाळू मंतरून द्या."

आता नाही कसं म्हणणार? आंबट तोंड करून बाबा त्या वाळूवर मंत्र पुटपुटले.

"आणि मंतरलेली वाळू निकामी कशानं होते?"

"अश्रद्धाचा हात लागला, अपशब्द कानी पडला, की संपलं तिचं तेज."

"एवढंच ना?" म्हणत मासेवालीनं बाबांच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर वाळू काढली आणि तिला मनसोक्त शिव्या घातल्या. वाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. लोक पोट धरून हसले.

दोन नव्या बरण्यांत त्याच गटारातल्या अळ्या सोडून त्या शिंप्याच्या दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा ठेवल्या. एकीत मंतरलेली साधी वाळू, दुसरीत शिव्या खाल्लेली बाबांची. पाकळ्या कशातच नाहीत. शिंपी सुई-दोरा सोडून रोज हजेरी घ्यायचा. दहाव्या दिवशी मंत्राच्या बरणीत डासांची जत्रा भरली होती. शिव्यांच्या बरणीत एकही नव्हता, आणि पाकळ्या नसल्यामुळे मेलेल्या कोषांचा खच सगळ्यांना उघड दिसत होता.

"वाळूनं शिव्या मनाला लावून घेतल्या नाहीत," बाबांनी खुलासा केला. या वेळी कुणी हसलं नाही.

नगरपालिकेचा फवारणीवाला पुढे झाला. त्यानं पोत्यातली वाळू तळहातावर पसरून निरखली. "अहो, यात आमच्या डासांच्या औषधाचे दाणे मिसळलेत! गटारात, तुंबलेल्या डबक्यात आम्ही मोजून टाकतो ते. मासे-झिंगे असतील तिथे टाकू नका, असं पाकिटावरच छापलेलं असतं."

नणंदेनं समजावून सांगितलं, "किड्याच्या अंगात एक रस असतो. तो असेपर्यंत शरीर लहानच राहतं. वेळ झाली की तो आटतो आणि अळीचा कोष, कोषाचा डास होतो. हे औषध त्या रसाची हुबेहूब नक्कल करतं. शरीर फसतं, अर्ध्यावर अडकतं आणि सावकाश मरतं. म्हणून ते विष वाटत नाही. पाण्यातल्या पिसवा किड्यांच्या नात्यातल्याच. त्यांनाही पिल्लं होईनाशी झाली. पिसवा संपल्या की त्यांच्यावर जगणारे मासे उपाशी."

गर्दीतून सासूबाई पुढे आल्या. "आमच्या टाकीत मीच टाकली. मला कुणी फसवलं म्हणण्याआधी मी विचारलं का नाही, हे मला आता खातंय."

बाबांना पुढच्या गावाहून तातडीचा दृष्टांत झाला. पोती तिथेच टाकून ते दुपारच्या गाडीनं गेले. फवारणीवाल्यानं ती पालिकेत जमा केली. तळं वाचलं. मासेवालीची निम्मी पिल्लं मात्र गेली, आणि टाकी घासून पिसवांची वीण पुन्हा उभी करण्यात दोन महिने गेले.

यात औषध खोटं नव्हतं बरं का. नीट वापरलं तर ते कामाचंच आहे. खोटं होतं ते त्याचं नाव लपवणं. औषध म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, किती टाकायचं? कुठे टाकायचं नाही? आणखी कोण मरेल? मंत्र म्हटला की हे प्रश्न तोंडातल्या तोंडात राहतात. ते राहू देऊ नका. समोरचा कितीही थोर असो, विचारा. खऱ्या औषधाला प्रश्नांची भीती नसते.