आईच्या नावाचं वासरू

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. माझी धाकटी बहीण ओदील गोठ्यात फ्लोरेतच्या कासेखाली बादली धरून बसली होती, आणि बादली कोरडी होती.

"दादा, ही पान्हवत नाही. हिचं वासरू कुठंय?"

आमच्या फ्रान्समधल्या कांताल भागातल्या तांबड्या गायी अशाच. वासरू पुढच्या पायाशी बांधलेलं हवं, त्याला चाटता आलं पाहिजे, तरच पान्हा सोडणार. फ्लोरेत हंबरत होती. कास दगडासारखी टणक झाली होती. रात्रभर तशीच राहिली असती तर सकाळपर्यंत सुजली असती.

मी शेजारच्या खोपटाकडे गेलो. वासरांना आम्ही तिथं कोंडतो. दारापाशी सोलेन बसली होती. नऊ वर्षांची पोर, लिऑन शहरातून आईबरोबर आमच्या वरच्या दोन खोल्यांत पंधरा दिवसांच्या सुट्टीला आलेली. गुडघ्यापर्यंत चिखल, घसा बसलेला.

"मास्तर, कडी मीच काढली," ती म्हणाली. "दुपारी. मला त्याला फक्त तळ्यापर्यंत न्यायचं होतं. मग धुकं आलं."

चाळीस वर्षं मी गावच्या शाळेत शिकवलं. खरं बोललेल्या पोराला आधी रागवायचं नाही, एवढं तरी शिकलो.

"हाका मारल्यास?"

"शंभर! चॉकलेट, चॉकलेट! मीच ठेवलंय ते नाव. पण ते आलंच नाही. मास्तर, तळ्याच्या पलीकडे तो कडा आहे ना..."

ओदील बाहेर आली होती. "चॉकलेट म्हणे! हाक मारत होतीस की दुकानात मागत होतीस?" पण तिचाही चेहरा उतरला होता. मागच्या उन्हाळ्यात त्याच कड्यावरून आमचं एक वासरू कोसळून गेलं होतं.

मी काठी घेतली, सोलेनचा हात धरला आणि कुरणाकडे चढू लागलो. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. दगडी बांधापाशी मला दम लागला, तिथं थांबलो.

"रोज संध्याकाळी तू गोठ्याच्या दारात उभी असतेस," मी म्हणालो. "खोपट उघडताना ओदील काय ओरडते?"

"गायींची नावं. मिनेत! बर्जेर!"

"तेव्हा गायी कुठं असतात?"

"आत. बांधलेल्या."

"मग हाक कोणाला?"

मी घाई केली नाही. उत्तर पोराच्या ओठावर येत असताना आपण ते हिसकावून घेऊ नये.

"वासरांना," ती हळूच म्हणाली. "मिनेत म्हटलं की मिनेतचंच बाहेर येतं. म्हणजे त्याचं नाव आईचंच?"

"जन्मल्यापासून त्यानं दुसरं ऐकलेलंच नाही."

तिनं बसक्या घशानं हाक मारली, "फ्लोरेत!" काहीच नाही. फक्त खाली गोठ्यातून खऱ्या फ्लोरेतनं ओ दिली.

"पुन्हा. शेवट लांबव, ओदीलसारखा."

"फ्लोरेऽऽत!"

वरच्या अंगाला ओलं झुडूप खसखसलं. आधी गुलाबी नाक दिसलं, मग भिजून चिकटलेले कुरळे केस. वासरू धावत आलं नाही, रोजच्यासारखं आरामात चालत आलं आणि त्यानं सोलेनच्या पोटात डोकं खुपसलं. ती मटकन खालीच बसली.

"मास्तर, याचे पाय बघा ना. चारही नीट आहेत?"

मी चारही पाय चाचपले. नीट होते.

गोठ्यात ओदीलनं वासराला चार घोट पिऊ दिलं, मग आईच्या पायाशी बांधलं आणि त्याच्या पाठीवर मीठ भुरभुरलं. फ्लोरेतनं मान वळवून लांबलचक जीभ फिरवली. क्षणभर आम्ही तिघंही बादलीकडेच बघत राहिलो. पहिली धार पत्र्यावर वाजली, मग दुसरी, मग सलग.

सोलेन हसत होती आणि बाहीनं नाक पुसत होती.

"ए चॉकलेट," गायीच्या पोटाला गाल टेकवून ओदील सोलेनला म्हणाली, "उद्यापासून हाका तू मारायच्यास. कडी मात्र मी लावणार."