पाच चुकांचा करार

व्हर्लिन हॉल्कमनं आयुष्यात केलेल्या प्रत्येक सौद्यात त्याचाच हात वर राहिला, निदान तो तसं सांगायचा. त्यामुळे मुलीनं गाडीची किल्ली मागितली तेव्हा तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. कॉफीचा मग बाजूला सारून म्हणाला, "बोली लाव."

मुलीचं नाव कॉनी, वय चोपन्न. ऑर्ड गावात शाळेच्या बसगाड्या कुणी आणि कुठल्या रस्त्यानं न्यायच्या हे ठरवायची तिची नोकरी. बावीस वर्षांत तिनं अकरा ड्रायव्हर घरी बसवले होते आणि एकानंही आवाज चढवला नव्हता. पण त्या अकरांपैकी कुणी तिचा बाप नव्हता. एक्याऐंशी वर्षांच्या या बाराव्यानं मागच्या महिन्यात चर्चची टपालपेटी आडवी केली होती.

"पेटीच चुकीच्या जागी आहे," व्हर्लिन म्हणाला.

"चाळीस वर्षं तिथंच आहे ती, डॅडी."

"म्हणजे चाळीस वर्षं चुकीच्या जागी आहे. पाद्री बदलले सहा, पेटी हलवायची बुद्धी एकालाही झाली नाही."

शेवटी सौदा ठरला तो असा. इंडिपेन्डन्स रॉकपर्यंत, म्हणजे वायोमिंगमधल्या त्या अजस्र खडकापर्यंत, जवळपास पाचशे मैल व्हर्लिननं गाडी चालवायची. पाच चुका माफ. सहावी झाली की किल्ली कॉनीची, नाही झाली तर पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. पंच म्हणून ओपल मावशी. ही व्हर्लिनची मेहुणी, त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिला स्वतःला गाडी येत नसे. चर्चला, केस सेट करायला, किराण्याला ती व्हर्लिनच्याच ब्युइकमधून जाई. असा पंच निःपक्षपाती कसा, हे कॉनीच्या ध्यानात आलं होतं. पण तिनं हरकत घेतली नाही. फेब्रुवारीपासून तिनं कशालाच हरकत घेतली नव्हती.

फेब्रुवारीत तिची आई, एस्थर, गेली. कॉनीनं शवपेटी निवडली, दाखले काढले, दफनानंतरच्या जेवणाला हॅम किती लागेल ते बरोब्बर सांगितलं. रडली मात्र नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असून आपला राहत नाही, तसं काहीसं झालं होतं. हात लावला तर कळे, पण लागत नसे. लोक म्हणाले, धीराची आहे. तिनं तेही ऐकून घेतलं.

खडकाला जायचं कारण म्हणजे एझ्रा हॉल्कम. हा व्हर्लिनच्या खापरपणज्याचा भाऊ. अठराशे बावन्न साली बैलगाडी घेऊन ओरेगॉनला निघाला, त्या खडकावर त्यानं नाव कोरलं आणि तिथूनच मागे फिरून मिसूरीला परतला. ज्यांचे पूर्वज ओरेगॉनला पोचले त्यांनाही जेवढा अभिमान नसेल, तेवढा हॉल्कम घराण्याला या अर्ध्या वाटेवरून परतलेल्या माणसाचा होता. दर सात-आठ वर्षांनी सगळं कुटुंब ते नाव पाहायला जाई. या खेपेला तिघंच होती.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी निघाली. व्हर्लिन स्टिअरिंगवर, कॉनी शेजारी, मागे ओपल, तिच्या मांडीवर फॉइलमध्ये गुंडाळलेल्या रुंझांचा डबा. कोबी आणि खिमा भरलेले ते पाव सहा जणांना पुरतील इतके होते, कारण सहापेक्षा कमी करायची ओपलला सवयच नव्हती. वाळूच्या टेकड्यांवर गवत हिरवंगार होतं. शेजारून कोळशाची मालगाडी मैलोनमैल सोबत करत होती. समोरून गाडी आली की व्हर्लिन स्टिअरिंगवरून तर्जनी उचली. समोरचाही उचली. त्या भागात ही बोटभर ओळख सगळ्यांनाच देतात. न देणारा एक तर शहरातला असतो, नाही तर नुकताच घटस्फोट झालेला.

आणि ओपल बोलत होती. थांबतच नव्हती.

"पुढे गाव आलं, पंचेचाळीस. हं, शाळा आहे इथं. अलायन्सला उजवीकडे, दोन मैल राहिले. अगंबाई, पूल अरुंद आहे म्हणे."

"मावशी, पाटीवर लिहिलंय ते सगळ्यांना दिसतंय," कॉनी म्हणाली.

"तुझी आईसुद्धा अशीच बडबडायची," व्हर्लिन म्हणाला. "दोघी बहिणींना देवानं तोंड एकाच साच्यातलं दिलं. एकीला मी लग्न करून सोसलं, दुसरीला फुकट सोसतोय."

"फुकट? रुंझा कोण देतंय?" ओपल मागून म्हणाली.

अलायन्सला व्हर्लिन चुकीच्या लेनमधून वळला. कॉनीनं नकाशाच्या मागे पेन्सिलीची एक रेघ ओढली. त्यावर बारा मैल वाद झाला. गाडी वळली ना, मग चूक कसली, असं व्हर्लिनचं म्हणणं. पंचानं अर्धी चूक धरावी असं सुचवलं. कॉनीनं पूर्ण धरली.

चिमनी रॉकपाशी थांबली. सपाट रानातून एकदम वर निघालेला तो सुळका, त्याच्याकडे पाहून शेकडो मैल चालून आलेली माणसं रडायची म्हणतात. कॉनीनं पाहिला. सुळका होता. ओपलनं कुणी न विचारताच कुंपणावरची पाटी वाचून दाखवली, "खुळखुळ्या सापांपासून सावध."

रात्र स्कॉट्सब्लफच्या मोटेलात काढली. सकाळी व्हर्लिननं वॉफलच्या यंत्राशी झटापट करून तीन वॉफल जाळले आणि ते चुकांत धरू नयेत म्हणून आधीच बजावलं. फोर्ट लॅरमीला थांबायच्या पाटीपाशी तो पूर्ण थांबला नाही. दोन. पुढे ग्वेर्न्झीला, जिथं हजारो बैलगाड्यांच्या चाकांनी खडकात कमरेइतके खोल चर पाडले आहेत, तिथं गाडी उभी करताना कुंपणाच्या खांबाला पुसटसं शिवलं. तीन.

व्हर्लिन मात्र त्या चरात उतरून खूश होता. चाळीस वर्षं त्यानं काउंटीचे कच्चे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं होतं. चराच्या भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "मला एक दिवस आणि एक ग्रेडर द्या. हे सगळं सरळ करून देतो."

"लोक हेच बघायला येतात, डॅडी."

"म्हणून तर करत नाही."

त्या रात्री तिघं कॅस्परला राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी खडकाकडे निघाली. पंचावन्न मैल, अधेमधे एखादं गुरांचं रँच, बाकी सेजची करडी झुडपं. ऊन पाठीमागून येत होतं. तेवढ्यात उजव्या हाताला एका फाटकापाशी व्हर्लिननं तर्जनी उचलली. नुसती उचलली नाही, मानही लववली.

कॉनीनं फाटकाकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. रँचची गॅसची टाकी होती, पांढरी, लांबोडकी, चार पायांवर ठेवलेली.

मागून ओपल घाईघाईनं म्हणाली, "उन्हाची तिरीप आली ना डोळ्यांवर, व्हर्लिन?"

ऊन पाठीमागे होतं. कॉनी पेन्सिल हातात धरून बसली. टाकीला नमस्कार करणं ही गाडी चालवण्यातली चूक नव्हती. पण गेल्या बावीस वर्षांत एखाद्या ड्रायव्हरनं तिच्यादेखत गॅसच्या टाकीला हात केला असता, तर तिनं दुपारच्या फेरीला दुसरा माणूस पाठवला असता.

"मावशी," ती म्हणाली, "भूक नाही लागली? रुंझा खा ना एक."

मुद्दाम म्हटलं की सहज, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ओपलनं फॉइल सोडवलं आणि मोठा घास घेतला. गाडीत दोन दिवसांत पहिल्यांदाच शांतता झाली. रस्त्याच्या कडेला केशरी पाटी आली: पुढे काम चालू, वेग पस्तीस. व्हर्लिनचा काटा पासष्टवर होता, तिथंच राहिला. दुसरी पाटी आली, तीही गेली. दूरवर केशरी जाकिटातला एक माणूस हातातला फलक हलवत होता.

"पस्तीस!" ओपल भरल्या तोंडानं ओरडली, कोबीचे कण कॉनीच्या मानेवर उडाले. "व्हर्लिन, थांब! माणूस आहे!"

ब्रेक लागला. गाडी कचकन थांबली. फलकवाला दोन ढांगा मागे सरला होता. त्यानं वाकून आत पाहिलं, तीन पिकलेली डोकी दिसली तेव्हा शिवी गिळून टाकली.

"चार," व्हर्लिन स्वतःच म्हणाला. "कबूल. ही धर."

कॉनीनं रेघ ओढली. रेघ सरळ आली. इतकी सरळ यायला नको होती, असं तिला वाटून गेलं.

खडक लोळत पडलेल्या जनावरासारखा दिसत होता. पायथ्याशी पायवाट. व्हर्लिन चढू शकत नव्हता, पण एझ्रानं नाव कोरलं होतं खालीच. मागे फिरणाऱ्या माणसानं वर चढायचे कष्ट घेतले नव्हते. व्हर्लिन पुढे झाला आणि खडकाला तळवा लावून चालू लागला. इतरांची नावं बोटांखालून जाऊ देत, जिन्याचा कठडा धरून चालावं तसा.

ओपल वाटेतल्या बाकावर बसली. कॉनी तिच्यासमोर उभी राहिली.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"मावशी."

ओपलनं पर्सची चेन उघडली, लावली. "तीन वर्षं. मधोमध धुकं दिसतं म्हणाला होता एस्थरला. कडेचं दिसतं. रस्त्याची पांढरी रेघ दिसते, त्यावर चालवतो. बाकीचं ती वाचायची."

"आई त्याला सगळ्या पाट्या वाचून दाखवायची."

"आणि तुम्ही मुलं हसायचात तिला, बडबडी म्हणून." ओपल जमिनीकडे बघत होती. "दवाखान्यात मला म्हणाली, त्याला एकट्याला गाडीत बसू देऊ नकोस. मी नाही बसू दिलं. एका रविवारी मी आजारी होते म्हणून तो एकटा गेला, तर पेटी पाडून आला."

"माझ्या ड्रायव्हरनं असं केलं असतं तर—"

"तो तुझा ड्रायव्हर नाही. आणि मी तरी कुठे जाऊ, कॉनी? केस सेट करायला चालत जाऊ, सात मैल?"

कॉनीला राग यायला हवा होता, तो आला नाही. आईनं तीन वर्षं हे लपवलं, म्हणून आईचा राग यावा, तोही नाही. आईचा आवाज तेवढा आठवला, मोटारीतला, न संपणारा, पुढे पंचेचाळीस आलं, पुढे पूल आहे. तिनं तो आवाज मनात आला तसा जाऊ दिला.

व्हर्लिन एका जागी थांबला होता. त्याची बोटं एका अक्षरावरून दुसऱ्यावर जात होती. ए. एच, ओ, एल. एकशे सत्तरहून अधिक वर्षांच्या पावसानं ती गुळगुळीत केली होती, पण बोटांना पुरत होती.

"हे बघ," तो म्हणाला. "आहे जागेवर. पळून नाही गेला."

"डॅडी, तुम्ही गॅसच्या टाकीला हात केलात."

"कधी?"

"सकाळी, फाटकापाशी."

त्यानं पुढचं अक्षर चाचपलं. मग म्हणाला, "उलट काही म्हणाली नाही ती. चांगल्या वळणाची असेल."

कॉनी हसली नाही. त्यानं बोटं खडकावरून काढली नाहीत.

"चार झाल्या," तो म्हणाला. "पाच माफ होत्या. हॉल्कम दिलेला शब्द फिरवत नाहीत."

"नाही फिरवत," कॉनी म्हणाली. "मी विषय काढणार नाही. किल्ली तुमचीच. आता कॅस्परपर्यंत पंचावन्न मैल आहेत. चालवा तुम्ही. मावशी बोलणार नाही. मीही नाही."

खालच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, लांब, दोन डबे जोडलेला. व्हर्लिननं आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं, ट्रक होता तिकडे नाही, जरासं बाजूला, जिथून त्याला कडेनं दिसत असावं. आवाज पार विरून जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"तोंडाला कुलूप?" त्यानं विचारलं. "ओपलच्या?"

"हो."

"तिला जमणार नाही."

"जमवेल ती."

तो पायवाटेनं परत निघाला. मागोमाग कॉनी, तिच्यामागे ओपल. गाडीपाशी येऊन व्हर्लिननं खिशातून किल्ली काढली, बॉनेटवर ठेवली, आणि बॉनेटच्या कडेनं हात सरकवत सावकाश दुसऱ्या बाजूला गेला. दार उघडून आत बसला.

कॉनीनं किल्ली उचलली. उन्हानं तापली होती. ती स्टिअरिंगमागे बसली. सीट इतकी मागे होती की तिचे पाय पोचेनात.

"खाली डावीकडे दांडा आहे," व्हर्लिन म्हणाला. "जोरात ओढ. अडतो तो."

तिनं ओढला. सीट पुढे आली. मागे ओपल खिडकीबाहेर बघत होती, हातात चुरगळलेलं फॉइल. कॉनीनं आरसा आपल्या उंचीला केला, बाजूचे आरसे केले, बसगाडीच्या नव्या ड्रायव्हरला ती शिकवायची त्या क्रमानं. आता काहीतरी वाटेल, म्हणून ती क्षणभर थांबली. कुठेच काही हललं नाही.

शेजारी व्हर्लिन पट्टा शोधत होता. चालकाच्या डावीकडच्या सीटवर बसून साठ वर्षं तो डाव्या खांद्यावरून ओढायची त्याच्या हाताला सवय. हात डाव्या खांद्यामागे गेला, हवेत चाचपला, खाली आला, पुन्हा गेला. तिथं काही नव्हतं. तरी तो शोधत राहिला.

कॉनीनं थोडा वेळ त्याला शोधू दिलं. मग ती त्याच्या अंगावरून पलीकडे वाकली, त्याच्या उजव्या खांद्यावरचा पट्टा धरला, छातीवरून आडवा ओढला आणि खाचेत बसवला. टक्कन आवाज झाला. तो लागला की नाही ते तिनं एकदा ओढून पाहिलं, आणि गाडी सुरू केली.