उन्हाची बाजू

घाटकोपरच्या भटवाडीत शिमग्याला गाववाल्यांच्या मंडळाची पालखी निघाली की अबदागीर सहदेव परबाच्याच हाती असायची. लांब काठीवर जरीचं भलंमोठं पिंपळपान, ते देवाशेजारी उभं धरून चालायचं. काम एवढंच. पण संपात गिरणी बंद पडली त्याला तीन वर्षं झाली होती आणि सहदेवाला आपलं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

यंदा तेही जाणार असं दिसत होतं. गेल्या वर्षी मंडळाने हौसेने व्हिडिओ शूटिंग केलं, तर पडद्यावर देव कमी आणि पिंपळपान जास्त. रस्ता वळला की हा गृहस्थ बाजू बदलून नेमका कॅमेऱ्यासमोर.

"सहदेवकाका, यंदा दुसऱ्याला देऊ," सेक्रेटरी नंदकिशोरने सांगून टाकलं. "एका बाजूने सरळ चालेल असा कोणीतरी बघू."

वडील अबदागीर धरताना बाजू बदलायचे म्हणून सहदेवही बदलायचा. कशासाठी, हे बापाला विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी शाळेतल्या मृणालिनीबाई माहिती जमवत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन घरी आल्या.

"काका, अबदागीर हा शब्द फारसीतून आलाय. आफताब म्हणजे सूर्य आणि गीर म्हणजे धरणारा. छत्री डोक्यावरचं ऊन अडवते, ही बाजूचं तिरपं ऊन अडवते."

सहदेवाने मूठ उजवीकडून डावीकडे नेऊन बघितली. "म्हणजे ऊन जंय, थंय ती."

"हो."

"बापूस माझो शाळेत गेलो नाय, बाई," तो म्हणाला. "पण त्याका ठावक होता."

रविवारच्या बैठकीत तो जन्मात पहिल्यांदा बोलायला उभा राहिला.

"नंदू, पालखी चार वाजता निघता. वळणापर्यंत ऊन उजवीकडे, मगे डावीकडे. एकाच बाजूक धरली तर अर्धी वाट देवाच्या तोंडार ऊन. चलात तुका?"

नंदकिशोर घाईचा माणूस, पण मनाचा वाईट नव्हता. त्याने समोरच्या कागदावर अबदागिरीपुढे लिहिलेलं दुसऱ्याचं नाव खोडलं.

"काका, अबदागीर तुम्हीच धरा. कॅमेरावाल्याला मी सांगतो, तुम्ही बाजू बदललीत की त्यानेही बदलायची."

सहदेवाने नुसती मान डोलावली आणि तो खाली बसला. बोलायला गेला असता, तर सगळ्यांसमोर त्याला रडू फुटलं असतं.