नवखे निवडणारे कासव

मित्रांनो, मी एक म्हातारे कासव आहे. माझी पाठ घुमटासारखी उंच आहे आणि तिच्यावर पिवळ्या रेघांची नक्षी आहे. डोळे लाल आहेत. आमच्या जातीत नरांचे असतातच. धोका दिसला की मी मान, पाय, शेपूट सगळे आत ओढून घेतो आणि पोटाखालचे झाकण असे घट्ट मिटतो की गवताची काडीही आत शिरत नाही. लोकांना त्याची मोठी गंमत वाटते. पण आयुष्यातली बरीच वर्षे मी दुसऱ्याच एका पेटीत काढली, आणि तिचे झाकण माझ्या ताब्यात नव्हते.

पेनसिल्व्हेनियातल्या एका टेकडीच्या उतारावर मी अंड्यातून बाहेर आलो. आईला मी कधी पाहिले नाही, आमच्यात तशी रीतच नाही. पण ती टेकडी मला पाठ होती. कुठल्या ओंडक्याखाली अळंबी उगवते, रानस्ट्रॉबेरी कुठे आधी पिकते, थंडीत कुठे माती उकरून झोपायचे, सगळे मला ठाऊक होते. आम्ही कासवे फार फिरत नाही. एवढ्याशा रानात आमचा जन्म सरतो. त्या रानाची दिशा मात्र आमच्या डोक्यात अशी काही बसलेली असते की कुठेही नेऊन ठेवा, पाय तिकडेच वळतात.

एका उन्हाळ्यात, पाऊस पडून गेल्यावर, मी टेकडीखालचा रस्ता ओलांडत होतो. एक ट्रक करकचून थांबला. त्यातून एक धिप्पाड माणूस उतरला. त्याचे नाव चेस्टर पाल्को. सगळे त्याला चेट म्हणत. तो बसगाड्या दुरुस्त करी.

"मरायचंय का रे तुला इथे?" असे म्हणत त्याने मला दोन्ही हातांनी उचलले. मी झाकण मिटले. पुन्हा उघडले तेव्हा टेकडी नव्हती.

त्याने मला वाईट हेतूने आणले नव्हते, हे मी आधीच सांगतो. त्याची बायको डॉली आजारी होती. तिला अंथरुणातून उठवत नव्हते. तिला दाखवायला म्हणून त्याने मला तिच्या पांघरुणावर ठेवले. मी मान बाहेर काढून चालू लागलो, तशी ती हसू लागली.

"अरे, चालतो कसा बघ! जसा काही गावाचा मेयरच."

तेव्हापासून माझे नाव मेयर, म्हणजे नगराध्यक्ष, पडले. डॉली मला स्वतःच्या हाताने स्ट्रॉबेरी भरवी. पण पहिल्याच दिवशी तिने चेटला बजावले होते, "उन्हाळा सरायच्या आत याला जिथून आणलास तिथे नेऊन सोडायचं. कबूल?"

"कबूल, बाई, कबूल."

उन्हाळा सरायच्या आत डॉलीच गेली.

चेटने मला सोडले नाही. त्याने तळघरात एक मोठी काचेची पेटी मांडली, वर दिवा लावला आणि मला आत ठेवले. कधी कधी तो समोर बसून म्हणे, "तिच्या हातचं खाल्लेला तूच एक उरलायस." मला त्याचे दुःख कळत होते. पण मला काचही कळत होती. मी रोज सकाळी उठून पश्चिमेच्या कोपऱ्यात जाई आणि काच खरवडत बसे. टेकडी त्या बाजूला होती. समोर सगळे दिसते आणि पाय पुढे पडत नाही, असली भिंत रानात कुठे नसते. ती समजायला मला फार दिवस लागले.

आता चेटच्या खेळाविषयी सांगायला हवे. चेट आणि त्याचे शाळेपासूनचे सोबती मिळून एक फुटबॉलची लीग चालवत. त्यांचे फुटबॉल म्हणजे अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचे, ते. हे लोक स्वतः पळत नसत. प्रत्येकाचा एक मनातला संघ असे. खरे खेळाडू खऱ्या मैदानावर जेवढे चमकतील, तेवढे गुण त्या संघाच्या मालकाला मिळत. खेळ खरा, संघ खोटे. या लीगला ते डायनेस्टी म्हणत, म्हणजे राजघराणे. कारण एकदा निवडलेला खेळाडू निवृत्त होईपर्यंत तुमचाच राही. म्हणून दर वसंतात कॉलेजातून नवखे खेळाडू आले की त्यांची निवड हा सगळ्यांत मोठा सोहळा असे. जो आदल्या मोसमात तळाला, त्याची निवड पहिली. विशीतल्या पोराकडे बघून तो पुढची दहा वर्षे कसा खेळेल हे सांगायचे! त्यावरून ही पांढऱ्या केसांची माणसे पोरांसारखी भांडत.

निवड चेटच्या तळघरातच होई. डॉली गेली त्या वर्षी चेटने संघाकडे पाहिलेच नव्हते, म्हणून तो तळाला होता आणि पहिली निवड त्याची होती. थंडीभर त्याने कॉलेजचे सामने पाहिले होते. तरी ऐन वेळी त्याला ठरवता येईना. मग त्याने चौघांची नावे चार पुठ्ठ्यांवर लिहिली आणि माझ्या पेटीच्या चार कोपऱ्यांत उभी केली.

"बोल मेयर, कोण?"

मी नेहमीसारखा पश्चिमेच्या कोपऱ्यात गेलो. तिथे क्विंटल मॅब्री हे नाव होते.

तळघरात हशा पिकला. "मॅब्री? त्याच्या गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालंय!" व्हर्न स्टॉब ओरडला. व्हर्नचे केशकर्तनालय होते आणि गावातली प्रत्येक बातमी त्याच्या खुर्चीतून जात असे. "चेट, कासवाचं ऐकून पळणारा माणूस घेतोस?"

चेटने मॅब्रीच घेतला. मॅब्री त्या मोसमात असा पळाला की बाकीचे सगळे तोंडात बोटे घालून बसले. पुढच्या वसंतात चेटने पुन्हा मला विचारले, मी पुन्हा त्याच कोपऱ्यात गेलो, आणि तो खेळाडूही चमकला. चेट विजेता ठरला. व्हर्नने ही गोष्ट गावभर केली. स्थानिक वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले. चर्चच्या सभागृहातून पिरोगी, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घेऊन निघालेली माणसे वाट वाकडी करून मला बघायला येत, काचेवर टिचक्या मारत आणि विचारत, "काय मेयरसाहेब, यंदा कोण?"

माझे कौतुक होत होते आणि माझी पेटी आणखी पक्की होत होती. कुणी पळवून नेऊ नये म्हणून चेटने वर जाळीचे झाकण बसवून त्याला कुलूप लावले. आधी तो मला कधीकधी अंगणात गवतावर सोडी, तेही बंद झाले. "आता तू साधंसुधं कासव नाहीस," तो म्हणाला. मित्रांनो, त्या दिवशी मला साधेसुधे कासव असण्याची फार आठवण आली.

लीगमधल्या लोकांनी मग एक नियम केला. लबाडी नको म्हणून पुठ्ठे चेटने लावायचे नाहीत. व्हर्नने डोळे मिटून लावायचे. आणि तिथून चेटचे ग्रह फिरले. मी त्याच कोपऱ्यात जात होतो, पण तिथली नावे पडत होती. एक नवखा पहिल्याच सरावात जायबंदी झाला. दुसऱ्याने फुटबॉल सोडून भावाबरोबर छपरे शाकारायचा धंदा धरला. तरी चेट माझ्यावरच विसंबून राहिला. त्याने सामने बघणे सोडले. माझ्या भरवशावर त्याने मॅब्रीसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकला, बदल्यात आणखी नवखे मिळावेत म्हणून. तो पुन्हा तळाला गेला.

मग माझ्यावर राग निघू लागला. पेटीवरचा दिवा गेला, तो त्याने बदलला नाही. पाण्याचे ताट कोरडे पडे. माझी नखे वाढून वाकडी झाली, फक्त उजव्या पायाची झिजलेली राहिली. चेट जिन्यावरून ये-जा करी, पण माझ्याकडे बघत नसे. एकदाच थांबून म्हणाला, "तूही फसवलंस ना मला?" मी कुणाचे नाव कधी वाचलेच नव्हते.

एका वसंतात, निवडीच्या आधी, दुपारची बर्नी युरिक आली. लीगमधली ती एकटी बाई. शाळेची बस चालवायची. तिची जीभ तिखट होती आणि तिच्यासमोर थापा मारायची कुणाची छाती नव्हती.

"चेट, या कासवाचं भूत आज उतरवणार आहे मी. आण ते पुठ्ठे."

"कशाला? तुझा संघ वर आहे ना? मग माझी थट्टा करायला आलीस?"

"तुझी थट्टा व्हर्न फुकटात करतो. त्यासाठी मी इंधन नाही जाळत. आण."

चेटने कुरकुरत कुलूप काढले, पुठ्ठे लावले. मी पश्चिमेच्या कोपऱ्यात गेलो. बर्नीने पुठ्ठ्यांची अदलाबदल केली. मी पुन्हा तिथेच. तिने सगळे पुठ्ठे काढून घेतले. मी तरी तिथेच. मग तिने वाकून त्या कोपऱ्यातली काच पाहिली. ती खरवडून खरवडून दुधासारखी धूसर झाली होती.

"धर दुसऱ्या बाजूनं," ती म्हणाली. दोघांनी मिळून पेटी उलट दिशेने फिरवली. धूसर कोपरा आता जिन्याकडे आला आणि स्वच्छ काच पश्चिमेकडे गेली. मी तोंड फिरवले, सावकाश चालत स्वच्छ काचेशी गेलो आणि पाय वर करून खरवडू लागलो.

मग बर्नीने हलक्या आवाजात विचारले, "चेट, याला आणलास कुठून?"

"कुठून म्हणजे? त्या टेकडीखालून, जुन्या रस्त्या..." बोलता बोलता चेटने हात लांब करून दिशा दाखवली. हात माझ्या डोक्यावरून, मी खरवडत होतो त्याच भिंतीकडे गेला. तो तसाच हवेत राहिला.

"पहिल्या दोन वर्षी पुठ्ठे तू लावलेस," बर्नी म्हणाली. "मनातलं नाव तू या कोपऱ्यात ठेवलंस, कारण तो तुझ्या खुर्चीच्या हाताशी होता. ते नवखे तू ओळखलेस, चेट. यानं नाही. याला फक्त घरी जायचंय."

चेट जिन्याच्या पायरीवर बसला. "डॉलीला शब्द दिला होता मी," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? हा गेला तर या घरात श्वास घेणारा मी एकटा उरतो."

"आणि हा इथे दुसरं काय करतोय? नुसता श्वासच घेतोय ना?"

"निघ इथून, बर्नी."

ती गेली. मला वाटले, संपले. चेटने कुलूप पुन्हा लावले. पण दुसऱ्या दिवशी तो बादली घेऊन आला. त्याने पेटी धुतली, नवा दिवा लावला, ताटात पाणी भरले आणि माझी वाकडी नखे हलक्या हाताने कापली. पुढेही तो रोज येत राहिला. खुर्ची ओढून बसे आणि मी काच खरवडतो ते बघे. मी थकून थांबलो तरी तो उठत नसे.

निवडीच्या दिवशी त्याने मला एका खोक्यात ठेवले. खोक्याला भोके होती. ट्रक हलला. बऱ्याच वेळाने झाकण उघडले आणि आधी वास आला, ओल्या पानांचा. माझे पाय आपोआप हलू लागले.

सगळी लीग तिथे जमली होती. घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पिरोगीचा ट्रे झाकून ठेवला होता. त्या वर्षीची निवड टेकडीखाली व्हायची होती. पहिली निवड अर्थातच चेटची.

"अरे, शेवटचं एकदा विचारून तरी घे मेयरला!" व्हर्न पुठ्ठे नाचवत म्हणाला. "एवढा आणलाच आहेस तर!"

"नाही," चेट म्हणाला. "खिशात घाल ते."

त्याने मला जमिनीवर ठेवले. त्याचा हात माझ्या पाठीवर थोडा वेळ तसाच होता. "जा रे," तो म्हणाला. "डॉलीनं केव्हाच सांगितलं होतं. मलाच ऐकू आलं नाही." मग त्याने हात काढून घेतला.

"नाव बोल, चेट," मागून बर्नी म्हणाली. "सगळे थांबलेत."

तोवर मी नेच्यांच्या आत शिरलो होतो. त्याने कुठला नवखा निवडला आणि तो पुढे कसा निघाला, हे मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिले नाही.

सुटका झाली, पण काच लगेच सुटली नाही. सुरुवातीला मी थोडे चालून आपोआप थांबत असे. समोर मोकळे रान असताना पाय वर करून हवाच खरवडत असे. अळंबी कुठे उगवते हेही विसरलो होतो, ते पुन्हा शिकावे लागले. आता मी म्हातारा झालो आहे, आणि ही टेकडी पुन्हा थोडी थोडी पाठ झाली आहे.

मित्रांनो, चेट वाईट नव्हता. त्याचा माझ्यावर जीव होता, आणि तरीही इतकी वर्षे त्याला मी दिसलो नाही. तुमच्या घरी काचेत, पिंजऱ्यात किंवा साखळीला कुणी असेल, तर एवढे करा. आज त्याला खेळवू नका, त्याला नाव देऊ नका, त्याच्याकडून काही करवून घेऊ नका. नुसते त्याच्याजवळ बसा आणि ते कोणत्या भिंतीशी जाऊन थांबते ते बघा. मग उठा, आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते शोधून काढा.