यान डावीकडे टेकलं की

"दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मधोमध." व्हेल्डाने खुर्ची दोन बोटं सरकवली. "हं, बस आता. आणि ध्यानात आहे ना? यान डावीकडे टेकलं, की मी गळ्यातल्या मोत्यांना हात लावीन."

"आहे गं बाई. दहादा झालं सांगून."

ऑरिन पॅस्टरनॅकचा डावा कान वर्षापूर्वी गेला होता. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत वीस वर्षं व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजवणाऱ्या या माणसाने ते बायकोखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. तेव्हापासून ती रस्त्यातही त्याच्या उजवीकडूनच चाले. आणि नेमकं आता स्टिरिओचं खूळ आलं होतं. लोकांना अंतराळ दिवाणखान्यात हवं होतं, यान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेलं ऐकायचं होतं. एका कानाला सगळं एकाच जागेवरून येतं, त्याला कोण काय करणार?

संगीत-संयोजक लंडीन आले, कॉफी नको म्हणाले आणि तबकडी लावायला बसले.

"पुढच्या रेकॉर्डला वादक दोन खोल्यांत बसणार. सूर इकडून तिकडे झेलायचा. तो कुठं पोचला हे ज्याला कळत नाही, त्याला घेऊन मी काय करू? यान डावीकडे टेकलं की बोट वर कर. पोरखेळ आहे, पण सगळ्यांनाच करायला लावतोय, ऐकलंच असशील."

"करा थट्टा म्हाताऱ्याची," ऑरिन हसला.

सुई टेकली. यान झालेली घसरत जाणारी गिटार, गायिकांचा शब्दांवाचूनचा आऽऽ आणि खाली त्याचाच व्हायब्राफोन. घरात हे पहिल्यांदाच वाजत होतं. ऑरिनने बायकोकडे नजर लावली.

व्हेल्डाने डोळे मिटले होते. नवऱ्याचे सूर खोलीभर फिरत होते आणि ती हरखून गेली होती. हात मांडीवर तसेच. हाक मारायचीही सोय नव्हती. ऑरिनने बोट वर केलं, खाली घेतलं, पुन्हा अर्धवट वर केलं.

लंडीननी सुई उचलली.

"केव्हाच टेकलं, ऑरिन. कधीपासून असं?"

"वर्ष झालं."

"सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर?"

लंडीन टोपी उचलून दाराशी गेले, थबकले. "वाजवलंयस मात्र झकास," म्हणाले आणि गेले.

व्हेल्डा मटकन सोफ्यावर बसली, त्याच्या डावीकडे. वर्षभरात आज पहिल्यांदा तिची बाजू चुकली. रुमालात तोंड खुपसून ती काहीतरी पुटपुटत राहिली, बराच वेळ.

काय म्हणतेस, हे विचारायचं ऑरिनच्या जिवावर आलं.

"होय गं," तो म्हणाला.